राजगृह : पुस्तकांसाठी बांधलेले घर

दरवर्षी ६ डिसेंबरला जुन्नर-आंबेगावमधून दादरला जाणारे आपले लोक चैत्यभूमीवर अभिवादन करतात, शिवाजी पार्कवर पुस्तके घेतात आणि परतीची गाडी धरतात. स्टेशनच्या पूर्वेला, हिंदू कॉलनीत, राजगृह आहे. तिथे जाणारे जातात, पण तरुण कार्यकर्त्यांशी बोलताना एक प्रश्न निघतोच. ते राहते घर. ना शिल्प, ना स्तूप. मग त्यात वारसा कसला?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच डोंगरात आहे. तुळजा, मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री इथल्या दोनशेहून अधिक लेण्यांमध्ये चैत्यगृहे मोजकीच. बाकी भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या, झोपायचे दगडी ओटे, पाण्याची टाकी. म्हणजे घरेच. शिलालेखांत दान देणारे दिसतात ते धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या घरांना आपण वारसा म्हणतो, तर बाबासाहेबांचे आयुष्यही घरांच्या अंगाने एकदा वाचायला हवे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत ते जन्मले. पुढे दापोली, सातारा आणि मग मुंबईत परळच्या डबक चाळीतली एक खोली. तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची जागा, तीच अभ्यासिका. रामजीबाबा रात्री दोनला मुलाला अभ्यासाला उठवत आणि मग स्वतः त्या जागी आडवे होत. एका खोलीत दोघांना पुरेल एवढी जागा वेळ वाटून काढावी लागे.

पुढे कुटुंब इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या परळच्या चाळीत आले, पहिल्या चाळीतल्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत. कोलंबिया आणि लंडनला जाऊन ते परतले ते इथेच. मध्ये १९१७ साली बडोद्यात नोकरी होती. परदेशी पदव्या घेतलेल्या या अधिकाऱ्याला अख्ख्या शहरात राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. खरे कळल्यावर काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, आणि दिवस त्यांनी एका बागेत झाडाखाली काढला. त्याच वर्षी, लंडनहून वेगळ्या जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तके महायुद्धात समुद्रात बुडाली. डोक्यावर छप्पर नाही आणि ग्रंथही गेले, हे दोन्ही एकाच वर्षातले. राजगृह समजून घ्यायचे तर मला सुरुवात इथून करावीशी वाटते.

परळच्या चाळीत त्यांनी साधारण दोन दशके काढली. वकिली, चळवळ आणि संसार तिथेच झाले. रमाईंची चार मुले या वर्षांत गेली.

समाजशास्त्राच्या नजरेने यातली एक गोष्ट फार बोलकी आहे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झालेल्या ज्या ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या, त्याच ट्रस्टने दादर-माटुंग्याचे नवे उपनगर आखले. रुंद रस्ते, भाडेपट्ट्याचे प्लॉट, घराभोवती मोकळी जागा. चाळ कोणासाठी आणि उपनगर कोणासाठी, हे कागदावर न लिहिताही ठरलेले होते. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही नावेच पाहा. बाबासाहेब त्या चाळीतून या उपनगरात आले, तेही स्वतःचे घर बांधून.

बांधकाम १९३० नंतरचे, म्हणजे गोलमेज परिषदा आणि पुणे कराराच्या धामधुमीतले. १९३३ च्या सुमारास ते पुरे झाले. आराखड्यात त्यांनी स्वतः लक्ष घातले. कुटुंबाची राहण्याची जागा खाली, आणि वर ग्रंथालय व कार्यालय. पुस्तकांची जागा आधी ठरवून बांधलेले हे घर आहे. नाव दिले राजगृह. बिंबिसाराची राजधानी, बुद्धांचा वावर असलेले नगर, पहिल्या संगीतीचे ठिकाण. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, धम्मदीक्षा १९५६ ची. हिंदू कॉलनीतल्या दारावर बौद्ध नगराचे नाव त्याआधीच लागले होते. या घराचा वारसा-दर्जा ठरवताना कोणी नक्षी शोधू लागला, तर मी त्याला आधी ही पाटी दाखवीन.

रमाईंना हे घर फार काळ लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी त्या तिथेच गेल्या. पुढच्या वर्षी जातिनिर्मूलनावरचे भाषण छापले गेले आणि स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. भाड्याचे उत्पन्न मिळावे म्हणून बांधलेली ‘चार मिनार’ ही दुसरी इमारत त्यांनी १९४१ साली विकली. देणी होती आणि पुस्तके घ्यायची होती. राजगृह मात्र ठेवले. तिथले पुष्कळ ग्रंथ पुढे सिद्धार्थ महाविद्यालयाकडे गेले. १९४२ नंतर मुक्काम बहुतेक दिल्लीत राहिला. ६ डिसेंबर १९५६ ला तिथेच महापरिनिर्वाण झाले आणि त्यांना आणले गेले ते राजगृहात. ७ तारखेची अंत्ययात्रा तिथूनच निघाली.

लंडनला किंग हेन्रीज रोडवर ते १९२१-२२ मध्ये भाडेकरू म्हणून राहिले. ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले, आणि तिथल्या स्थानिक प्रशासनाशी झगडून ते संग्रहालय म्हणून टिकवावे लागले. चांगलेच झाले. पण राजगृहाच्या अंगणात ७ जुलै २०२० ला कुंड्या आणि काचा फुटल्या तेव्हा आपण संतापलो, निवेदने दिली. त्यानंतर त्या घराविषयी आपले बोलणे थांबले. तिथे कोणती पुस्तके होती, ती आज कुठे आहेत, समासात त्यांनी काय लिहिले, याची माहिती गटागटाने मिळवून मांडता येईल. त्याला निधी लागत नाही.

आपल्या दोन तालुक्यांत नव्या विहाराचा हिशेब मांडला जातो तेव्हा फरशी, कमान आणि मूर्ती यांचे आकडे आधी येतात. वाचनाची खोली शिल्लक राहिलेल्या पैशांतून. राजगृहाचा आराखडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी पुढच्या बैठकीत हा क्रम बदलण्याचा ठराव मांडावा.