थोरले माधवराव पेशवे : एका झिजलेल्या देहाची कथा

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली. माधवरावांचे वडील बंधू विश्वासराव आणि चुलते सदाशिवरावभाऊ धारातीर्थी पडले. त्या शोकाने खचलेले पिताजी नानासाहेब पेशवे २३ जून रोजी पर्वतीवर निवर्तले. पेशवाईची वस्त्रे मिळाली तेव्हा माधवराव अवघे सोळा वर्षांचे होते; राज्याबरोबर कर्जाचे ओझेही त्यांच्या शिरावर आले.

बाहेरचा शत्रू उघड वार करतो. गृहकलह मात्र मनुष्याला आतून पोखरतो. काका राघोबादादांना सत्तेचा मोह सुटेना. १७६२ साली यादवी वाढू नये म्हणून माधवराव आळेगावी काकांच्या स्वाधीन झाले. पुढील वर्षी निजामाच्या फौजांनी पुणे लुटले व जाळले. परंतु १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनच्या लढाईत माधवरावांनी निजामाला धूळ चारली. त्यानंतर हैदरअलीवर स्वाऱ्या झाल्या. १७६८ साली धोडप येथे प्रत्यक्ष काकांशीच लढून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवावे लागले. १७६९ साली नागपूरकर जानोजी भोसल्यांशी कनकापूरचा तह झाला. आपला लोधीखेडा-सौसरचा मुलूख त्या काळी याच भोसल्यांच्या राज्यात होता. विसावा असा माधवरावांना लाभलाच नाही.

१७७० साली कर्नाटकच्या स्वारीत प्रकृती ढासळली. मोहीम त्रिंबकराव पेठ्यांवर सोपवून त्यांना परतावे लागले. राजयक्ष्म्याने, म्हणजेच क्षयाने, त्यांना ग्रासले होते.

क्षय हा जंतूंमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ साली सिद्ध केले. एकट्या चिंतेने तो होत नाही. तथापि अनेकांच्या शरीरात हे जंतू निद्रिस्त असतात आणि देहाची प्रतिकारशक्ती त्यांना दाबून ठेवते. संकटसमयी मूत्रपिंडांवरील ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचा स्राव रक्तात सोडतात. संकट टळताच तो ओसरतो. परंतु चिंता महिनोन्महिने टिकली, तर हाच स्राव जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे बळ घटवतो. झोप उडते, अन्न गोड लागत नाही आणि निद्रिस्त शत्रूला जागे होण्याची संधी मिळते. पहारेकरी थकला की किल्ला धोक्यात येतो, तसेच हे.

जानेवारी १७७२ मध्ये मराठ्यांनी बादशहा शाहआलमला दिल्लीच्या तख्तावर पुन्हा बसविले. पानिपतचे अपयश धुऊन निघाले. पण ते घडविणारा पेशवा दिवसेंदिवस क्षीण होत चालला होता. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे चिंतामणीच्या सान्निध्यात, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

विद्यार्थिमित्रांनो, माधवरावांची कर्तव्यनिष्ठा अवश्य अंगी बाणवा. परंतु त्यांना न लाभलेली विश्रांती आपल्याला लाभू शकते, हेही विसरू नका. परीक्षेची वा घरची चिंता मनात कोंडून ठेवू नका. ती आईवडिलांपाशी, गुरुजनांपाशी बोला. वेळेवर झोपा, मैदानावर खेळा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिल्यास सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. आज नियमित औषधांनी तो बरा होतो. देह हाही एक गडच आहे. त्याची राखण करणे हेही कर्तव्यच होय.