चार्ल्स गुडइयर : रबर टिकावं म्हणून आयुष्य घालवलेला माणूस

तालुक्याच्या रस्त्यावर टायरच्या दुकानांवर व्हल्कनायझिंगची पाटी हमखास दिसते. गाडीचा टायर-ट्यूब, फॅन बेल्ट, रेडिएटरचा पाइप, ऑइल सील हे सगळं ज्या शोधावर चालतं, तो हाच. तो लावणारा माणूस मात्र आयुष्यभर कर्जात राहिला. त्याचं नाव चार्ल्स गुडइयर.

गुडइयरचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेतल्या न्यू हेवन गावी झाला. वडिलांचा लोखंडी सामानाचा आणि शेती अवजारांचा धंदा होता. चार्ल्सही त्यातच पडला आणि फिलाडेल्फिया शहरात त्याने दुकान टाकलं. पण उधारी थकली आणि १८३० च्या सुमारास धंदा बुडाला. त्या काळी कर्ज फेडता आलं नाही की तुरुंगात टाकत. तशी वेळ त्याच्यावर एकदा नाही, अनेकदा आली.

उन्हाळ्यात चिकट, थंडीत कडक

१८३४ साली न्यूयॉर्कमध्ये एका रबर कंपनीच्या दुकानात तो गेला. पाण्यात बुडू नये म्हणून वापरायच्या हवेच्या पट्ट्याची झडप त्याला सुधारून द्यायची होती. तिथे त्याला खरी अडचण कळली. तेव्हाचं रबर म्हणजे झाडाचा वाळवलेला चीक. थंडीत ते दगडासारखं कडक व्हायचं, उन्हाळ्यात वितळून चिकट व्हायचं आणि वास मारायचं. बूट, कपडे असा माल परत येऊ लागला होता आणि कंपन्या बुडायला लागल्या होत्या.

गुडइयरने रसायनाचं शिक्षण घेतलेलं नव्हतं, तरी त्याने हे काम डोक्यात घेतलं. पहिले प्रयोग त्याने तुरुंगातच केले, बायकोच्या पोळपाट-लाटण्यातल्या लाटण्यासारखं लाटणं घेऊन. रबरात मॅग्नेशिया घातला, चुना घातला, नायट्रिक ॲसिड लावून पाहिलं. दरवेळी वाटायचं जमलं, आणि ऊन लागलं की पुन्हा तेच. सरकारकडून टपालाच्या पिशव्यांची मोठी ऑर्डर मिळाली होती. त्या पिशव्याही गरमीत चिकट होऊन वाया गेल्या.

घरात खायची भ्रांत पडली. भांडीकुंडी विकली, मुलांची शाळेची पुस्तकंसुद्धा विकली. त्याची अनेक मुलं लहानपणीच दगावली. लोक त्याला वेडा म्हणायचे. बायको क्लॅरिसा तरीही सोबत राहिली.

शेगडीवर सापडलेलं उत्तर

नॅथॅनिएल हेवर्ड नावाच्या माणसाकडून रबरात गंधक मिसळायची कल्पना गुडइयरने विकत घेतली. १८३९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वोबर्न गावात गंधक मिसळलेला रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. तो वितळला नाही, कातड्यासारखा करपला. करपलेल्या भागाच्या कडेला मात्र रबर मऊ, लवचिक आणि पक्कं राहिलं होतं. गुडइयरने ओळखलं, की गंधक आणि उष्णता दोन्ही मिळून काम होतं.

पण किती गंधक, किती उष्णता, किती वेळ, हे बसवायला आणखी काही वर्षं गेली. १५ जून १८४४ रोजी त्याला अमेरिकेचं पेटंट मिळालं.

रबराचे कण म्हणजे लांब लांब सुटे धागे. गंधक तापल्यावर त्या धाग्यांना जागोजागी आडव्या गाठी मारतो. म्हणून ओढलं तरी रबर परत जागेवर येतं आणि उन्हात पाघळत नाही.

शोध लागला, पैसा नाही

त्याचे नमुने इंग्लंडला गेले आणि तिथे थॉमस हॅनकॉकने आधी पेटंट घेतलं. अमेरिकेतही लोक परवानगी न घेता माल काढू लागले. १८५२ साली डॅनियल वेबस्टर या नामवंत वकिलाने गुडइयरची बाजू मांडली आणि खटला जिंकला, पण मिळालेला पैसा वकिलांत आणि नव्या प्रयोगांत गेला. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनानंतर तो पुन्हा कर्जापायी तुरुंगात होता. फ्रान्सच्या बादशहाने दिलेलं मानाचं पदक त्याला तिथेच मिळालं.

आजारी मुलीला भेटायला निघालेला गुडइयर न्यूयॉर्कला पोचला तेव्हा ती गेल्याची बातमी आली. १ जुलै १८६० रोजी तोही गेला. डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलर कर्ज होतं. त्याच्या नावाची टायर कंपनी १८९८ साली दुसऱ्याच लोकांनी काढली. त्याच्या घरच्यांचा तिच्याशी संबंध नव्हता.

त्याच्या गाठी आपण कशा जपायच्या

गुडइयरने रबर पक्कं केलं, अमर नाही केलं. ऊन, हवेतला ओझोन, उष्णता आणि तेल यांनी रबर हळूहळू खराब होतंच. जुन्या ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकलला हे जास्त भोवतं. म्हणून एवढं करावं :

- गाडी सावलीत उभी करावी. शेड नसेल तर टायरवर गोणपाट टाकावं.
- टायर चमकवायला डिझेल किंवा जळकं ऑइल लावू नये. त्याने रबर फुगून मऊ पडतं. साबणाचं पाणी पुरे.
- रबरावर ऑइल-ग्रीस सांडलं तर लगेच पुसावं आणि गळती आधी काढावी.
- हायड्रॉलिक ब्रेकमध्ये कंपनीने सांगितलेलाच ब्रेक ऑइल टाकावा. इंजिन ऑइल टाकलं तर आतले रबरी वायसर फुगून ब्रेक जाम होतात.
- ट्रॅक्टर महिनोन्‌महिने उभा राहणार असेल तर हवा पूर्ण ठेवावी, शक्य असेल तर जॅकवर घ्यावा. मधूनमधून चालू करून थोडा हलवावा, म्हणजे ऑइल सील कोरडे पडत नाहीत.
- जादाचे बेल्ट, ट्यूब अंधारात, थंड जागी ठेवावेत. चालू मोटार किंवा वेल्डिंगजवळ नकोत, ठिणगीने ओझोन तयार होतो.
- इंजिन थंड असताना पाइप दाबून पाहावा. कडक लागला किंवा चिरा दिसल्या तर हंगामाआधीच बदलावा.

चीर पडलेलं रबर कुठल्याही तेलाने पुन्हा जुळत नाही. भर पेरणीत बेल्ट तुटून ट्रॅक्टर बांधावर उभा राहण्यापेक्षा आधीच दहा मिनिटं काढून पाहिलेलं बरं.