अ‍ॅलन ट्युरिंग : यंत्राची मर्यादा ओळखणारा माणूस

आईवडिलांपासून दूर राहून शिकणे म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. म्हणूनच अशा एका मुलाचे चरित्र येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. त्याच्या घरी दारिद्र्य नव्हते. पण बालपण परक्या घरात आणि वसतिगृहात गेले. आज आपल्या हाती असलेल्या मोबाइलपासून कार्यालयातील संगणकापर्यंत साऱ्यांच्या मुळाशी ज्याचा विचार आहे, तो हा अ‍ॅलन मॅथिसन ट्युरिंग.

अ‍ॅलनचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. वडील ज्युलियस हे हिंदुस्थानच्या सनदी सेवेत, मद्रास इलाख्यात अधिकारी होते. आई एथेल सारा या मद्रास रेल्वेच्या मुख्य अभियंत्यांच्या कन्या. साम्राज्याच्या चाकरीत गुंतलेल्या या दांपत्याने जॉन व अ‍ॅलन या आपल्या दोन्ही मुलांना इंग्लंडमध्ये, सेंट लेनर्ड्स या समुद्रकाठच्या गावी, एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबात ठेवले. वडिलांचा सहवास रजेपुरताच लाभे आणि आईचाही वारंवार खंडित होई.

१९२६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, अ‍ॅलनचा शेरबोर्न येथील निवासी शाळेत प्रवेश झाला. नेमक्या त्याच वेळी ब्रिटनमध्ये सार्वत्रिक संप होऊन रेल्वे बंद पडली होती. मुलाने साउथॅम्प्टनहून सायकल काढली, वाटेत एका सराईत रात्र काढली आणि सुमारे ९७ किलोमीटर अंतर एकट्याने कापून शाळा गाठली.

शाळेने मात्र त्याला लवकर ओळखले नाही. लॅटिन, ग्रीक म्हणजे शिक्षण, विज्ञान दुय्यम, अशी तेथील समजूत होती. अ‍ॅलनचे अक्षर वाईट, वह्यांवर शाईचे डाग, राहणी अव्यवस्थित. केवळ विज्ञानाचाच तज्ज्ञ व्हावयाचे असेल तर हा मुलगा येथे वेळ वाया घालवीत आहे, अशा आशयाचे मत मुख्याध्यापकांनी पालकांना कळविले. तोच मुलगा सोळाव्या वर्षी आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद स्वतः वाचून आईसाठी त्याची टिपणे काढीत होता. शाळेची फूटपट्टी आखूड होती, मुलगा आखूड नव्हता.

त्याला समजून घेणारा एक सोबती तेथे भेटला. ख्रिस्तोफर मॉरकॉम हा त्याच्याहून पुढच्या इयत्तेत, विज्ञानात तितकाच रमणारा. १३ फेब्रुवारी १९३० रोजी क्षयरोगाने ख्रिस्तोफरचे निधन झाले. अ‍ॅलनने मित्राच्या आईशी पुढे कित्येक वर्षे पत्रव्यवहार ठेवला. मित्राचे अपुरे राहिलेले काम आता आपले आहे, या भावनेने तो अभ्यासाला लागला. १९३१ साली त्याने केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात प्रवेश केला आणि १९३५ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, तो तेथील फेलो निवडला गेला.

याच काळात त्यांनी गणितातील एक मोठा प्रश्न हाती घेतला. कोणतेही गणिती विधान सिद्ध करता येईल की नाही, हे हमखास ठरवून देणारी एखादी यांत्रिक रीत असू शकते काय? जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांनी हा प्रश्न मांडला होता. ट्युरिंग यांनी त्यासाठी एक यंत्र कल्पिले. चौकटी आखलेली, हवी तितकी लांब वाढवता येणारी कागदाची पट्टी. यंत्र एका वेळी एकच चौकट पाहते आणि मोजक्या अवस्थांपैकी एका अवस्थेत असते. समोरचे चिन्ह व स्वतःची अवस्था पाहून ते चिन्ह बदलते, एक घर डावीकडे वा उजवीकडे सरकते आणि नवी अवस्था धारण करते. एवढेच. परंतु माणूस कागद-पेन्सिल घेऊन नियमाने जी जी आकडेमोड करू शकतो, ती ती या साध्या यंत्राच्या आवाक्यात येते, हे त्यांनी पटवून दिले. शिवाय कोणत्याही यंत्राचे वर्णन पट्टीवर लिहून दिल्यास त्याची हुबेहूब नक्कल करणारे एकच सार्वत्रिक यंत्र शक्य आहे, हेही दाखविले. एकाच संगणकावर आज हिशेबही होतो आणि चित्रपटही दिसतो, त्याचे तत्त्व हेच.

१९३६ च्या त्या निबंधाचा निष्कर्ष याहूनही खोल आहे. दिलेले यंत्र अमुक चिन्ह कधी तरी छापील की नाही, हे सर्व यंत्रांच्या बाबतीत ठरवून देणारी रीत असूच शकत नाही. हिल्बर्ट यांच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले. अमेरिकेत अलोन्झो चर्च यांनीही स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला होता. या पायावर पुढे स्वयंचलित यंत्रांचा सिद्धांत, म्हणजे ऑटोमेटा सिद्धांत, उभा राहिला. सीमित अवस्थांच्या यंत्रांवर १९५९ साली संशोधन प्रसिद्ध करणारे मायकेल राबिन व डेना स्कॉट यांना १९७६ साली जो पुरस्कार मिळाला, तो ट्युरिंग यांच्याच नावाचा आहे.

दुसऱ्या महायुद्धात ट्युरिंग ब्लेचली पार्क येथे जर्मनीच्या एनिग्मा यंत्राचे गुप्तसंदेश उलगडण्याच्या कामी रुजू झाले. पोलिश गणितज्ञांनी आधी केलेल्या कामाचा आधार घेऊन त्यांनी ‘बॉम्ब’ या नावाचे शोधयंत्र रचले. १९४० पासून ते कामाला लागले. जर्मन आरमाराच्या संदेशांची उकल हे त्यांचे विशेष कार्य. अटलांटिक महासागरातून अन्नधान्य नेणारी कित्येक जहाजे त्यामुळे वाचली. हे सारे १९७० च्या दशकापर्यंत गुप्त राहिले. युद्धानंतर त्यांनी संगणकाचा आराखडा तयार केला, १९४८ पासून मँचेस्टर विद्यापीठात काम केले, आणि १९५० साली यंत्र विचार करू शकेल काय, हा प्रश्न जगापुढे ठेवला. १९४७ साली ते मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत धावले होते, हे आमच्या खेळाडू विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावे.

१९५२ साली त्यांच्या घरी चोरी झाली. त्यांनीच पोलिसांत तक्रार दिली. चौकशीत त्यांचे एका पुरुषाशी असलेले संबंध उघड झाले आणि १८८५ च्या कायद्यान्वये फिर्यादीच आरोपी ठरला. तुरुंग टाळण्यासाठी त्यांना वर्षभर संप्रेरकांचे उपचार सोसावे लागले. सरकारी गुप्तलेखनाच्या कामाचे दार बंद झाले. ७ जून १९५४ रोजी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, सायनाइडच्या विषाने त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत तो आत्महत्या ठरला. काही अभ्यासकांना तो अपघात वाटतो. उशाशी सापडलेल्या सफरचंदाची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते; पण त्या फळाची तपासणीच झाली नव्हती. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्ही तिच्यावर काही रचू इच्छित नाही. शिक्षा झाली, हे सत्य पुरेसे आहे.

२००९ साली हजारो नागरिकांच्या मागणीनंतर ब्रिटिश पंतप्रधानांनी जाहीर क्षमायाचना केली. २०१३ साली राजक्षमा मिळाली. २०१७ च्या कायद्याने तशाच हजारो शिक्षितांना ती लागू झाली. २०२१ पासून ५० पौंडांच्या नोटेवर ट्युरिंग यांची मुद्रा आहे. ज्याने गुन्हाच केला नव्हता, त्याला क्षमा करण्यासाठी राज्याला जवळजवळ साठ वर्षे लागली.

यंत्राविषयीचा सिद्धांत माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही एक विचार मनातून जात नाही. ज्याचे सर्व नियम आपल्याला ठाऊक आहेत, त्या यंत्राचेही पुढे काय होईल हे एका ठरीव रीतीने सर्वदा सांगता येत नाही, हे या माणसाने सिद्ध केले. आणि त्याला मात्र आधी शाळेने व नंतर न्यायालयाने ठरीव मापानेच मोजले. गुणपत्रिकेवरून, अक्षरावरून, जन्मावरून वा वेगळेपणावरून लेकराचे भवितव्य सांगून मोकळे होण्यापूर्वी शिक्षकांनी, पालकांनी आणि समाजानेही क्षणभर थांबावे. ट्युरिंग यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.