एव्हारिस्त गाल्वा

एव्हारिस्त गाल्वा (२५ ऑक्टोबर, इ.स. १८११ - ३१ मे, इ.स. १८३२) हे फ्रेंच गणितज्ञ होते. बीजगणितातील गाल्वा सिद्धांत व सांत क्षेत्रे यांसाठी ते ओळखले जातात. असंख्य डिस्कांवर विखुरलेली विदा सुरक्षित राखणारे इरेजर कोडिंग त्यांच्या सांत क्षेत्रांवर आधारलेले आहे.

बालपण व शिक्षण

गाल्वा यांचा जन्म पॅरिसजवळील बूर-ला-रेन येथे झाला. त्यांचे वडील तेथील नगराध्यक्ष होते. सुरुवातीचे शिक्षण आईकडे झाल्यावर इ.स. १८२३ मध्ये ते पॅरिसच्या लुई-ल-ग्रां विद्यालयात दाखल झाले. एकोल पोलितेक्निकच्या प्रवेश परीक्षेत ते इ.स. १८२८ व १८२९ अशा दोन्ही वेळा अनुत्तीर्ण झाले. दुसऱ्या परीक्षेच्या सुमारास त्यांच्या वडिलांनी आत्महत्या केली. पुढे त्यांनी एकोल नॉर्मालमध्ये प्रवेश घेतला.

गणितातील कार्य

कोणते बहुपदी समीकरण मूलचिन्हांच्या साहाय्याने सोडवता येते, याचा निकष गाल्वा यांनी समीकरणाच्या मुळांच्या क्रमबदलांच्या गटावरून दिला. इ.स. १८३० मध्ये त्यांनी विज्ञान अकादमीच्या पारितोषिकासाठी प्रबंध पाठवला. तो फूरिये यांच्याकडे गेला; परंतु त्याच वर्षी फूरिये यांचे निधन झाले आणि प्रबंध सापडला नाही. पुन्हा लिहून पाठवलेला प्रबंध इ.स. १८३१ मध्ये प्वासाँ यांनी दुर्बोध ठरवून नाकारला. सांत क्षेत्रांवरील त्यांचा लेख मात्र इ.स. १८३० मध्येच प्रसिद्ध झाला होता.

तुरुंगवास व मृत्यू

गाल्वा कट्टर प्रजासत्ताकवादी होते. एकोल नॉर्मालच्या संचालकांवर जाहीर टीका केल्यामुळे त्यांना संस्थेतून काढण्यात आले. १४ जुलै, इ.स. १८३१ रोजी अटक झाल्यावर त्यांना सेंत-पेलाजी तुरुंगात ठेवण्यात आले. सुटकेनंतर सुमारे महिन्याभराने, ३० मे, इ.स. १८३२ रोजी, द्वंद्वयुद्धात ते जखमी झाले व दुसऱ्या दिवशी वयाच्या २० व्या वर्षी मरण पावले. द्वंद्वाच्या कारणाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. आदल्या रात्री त्यांनी मित्र ओग्युस्त शव्हालिये यांना पत्र लिहून आपल्या संशोधनाचा सारांश कळवला. त्या एका रात्रीत त्यांनी संपूर्ण सिद्धांत रचला, हा समज चुकीचा आहे.

सांत क्षेत्रे व विदासाठवण

सांत क्षेत्रात घटकांची संख्या मर्यादित असते, तरीही शून्याने भागाकार वगळता चारही अंकगणिती क्रिया करता येतात व उत्तर त्याच क्षेत्रात राहते. २५६ घटकांच्या क्षेत्रात प्रत्येक घटक एका बाइटमध्ये मावतो. इ.स. १९६० मध्ये अर्व्हिंग रीड व गुस्ताव्ह सॉलोमन यांनी अशा क्षेत्रांतील बहुपदींवर आधारित संकेतन मांडले.

ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये एखाद्या फाइलचे १० तुकडे करून त्यांवरून आणखी ४ तुकडे काढले जातात आणि हे १४ तुकडे वेगवेगळ्या डिस्कांवर ठेवले जातात. नऊ घाताची बहुपदी कोणत्याही १० मूल्यांवरून निश्चित होते. म्हणून कोणतेही ४ तुकडे नष्ट झाले तरी मूळ फाइल परत मिळते. यासाठी मूळ आकाराच्या १.४ पट जागा लागते. तीन पूर्ण प्रती ठेवल्यास ३ पट जागा लागते व दोनच प्रतींचे नुकसान सोसता येते. डिस्कांची संख्या हजारोंत गेली की त्यांचे बिघडणे नित्याचे होते, तेव्हा हा फरक निर्णायक ठरतो. मात्र एक तुकडा पुन्हा घडवण्यासाठी इतर १० तुकडे वाचावे लागतात व नेटवर्कवर ताण येतो.

वारसा

गाल्वा यांना पॅरिसमधील माँपार्नास दफनभूमीत सामायिक कबरीत पुरण्यात आले. त्यांचा भाऊ आल्फ्रेद व शव्हालिये यांनी जपलेली हस्तलिखिते जोसेफ लिऊव्हिल यांनी इ.स. १८४६ मध्ये प्रसिद्ध केली. सांत क्षेत्रांना आज गाल्वा क्षेत्रे असेही म्हणतात.