स्त्रीशिक्षणाचे व्रती महर्षी धोंडो केशव कर्वे

चांगला विचार अनेकांना सुचतो. पण तो स्वतःच्या घरापासून आचरणात आणणारे थोडेच असतात. महर्षी धोंडो केशव कर्वे हे अशा थोड्यांपैकी एक होते.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात एका गरीब कुटुंबात झाला. मुरुडमध्ये शिकत असताना सहावीच्या परीक्षेसाठी ते सह्याद्री ओलांडून चार दिवस पायी चालत साताऱ्याला गेले. तेथे ते वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिले नाही. त्यांनी धीर सोडला नाही. पुढे मुंबईत पदवी घेऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले.

१८९१ मध्ये पत्नी राधाबाई वारल्या. त्या काळी विधुर पुरुषाला कुमारिका सहज मिळे, बालविधवेला मात्र जन्मभर एकाकी राहावे लागे. हा अन्याय कर्व्यांना मान्य नव्हता. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरुडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. त्याची झळ आईलाही सोसावी लागली. हे दुःख त्यांनी मुकाट्याने सहन केले, कोणाविषयी मनात कटुता ठेवली नाही.

पुनर्विवाह थोड्याच स्त्रियांचे जीवन बदलू शकतो, शिक्षण मात्र प्रत्येकीला स्वतःच्या पायावर उभे करते, हे त्यांनी ओळखले. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याजवळ हिंगणे येथे जमीन दिली आणि १९०० मध्ये आश्रम तेथील झोपडीत आला. दिवसभर महाविद्यालयात शिकवून कर्वे संध्याकाळी चिखल तुडवत, सामान घेऊन पायी हिंगण्याला जात. विधवा मेहुणी पार्वतीबाई आठवले तेथेच शिकल्या आणि पुढे आश्रमासाठी निधी गोळा करू लागल्या.

जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून १९१६ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास १५ लाख रुपयांचे दान दिले. १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, कर्व्यांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

ज्या समाजाने त्यांना दूर लोटले, त्याच समाजाच्या लेकींसाठी ते आयुष्यभर झिजले. विरोधाला वादाने नव्हे, तर कामाने उत्तर देणे हीच खरी साधना आहे. आपल्या घरातील, शेजारातील एका मुलीचे शिक्षण अडले असेल, तर त्यासाठी आपण एक पाऊल उचलूया. महर्षींना तीच खरी श्रद्धांजली ठरेल.