कर्मवीर भाऊराव पाटील

वसतिगृहांत घंटा झाली कीं पंगत बसते, आणि आपल्या शेजारीं कोणत्या जातीचा मुलगा बसला आहे याचा विचारही आमच्या विद्यार्थ्यांच्या मनांत येत नाहीं. ही साधी गोष्ट एके काळीं किती कठीण होती, व तिच्यापायीं एका दांपत्यानें काय वेंचिलें, हें वाचकांस कळावें म्हणून कर्मवीर भाऊराव पाटील यांचें चरित्र आम्ही थोडक्यांत देत आहों.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजीं कोल्हापुराकडील कुंभोज गांवीं एका जैन शेतकरी कुटुंबांत झाला. अस्पृश्य मानलेल्या लोकांस विहिरीवर पाणी भरूं देत नाहींत हें पाहून त्यांनीं लहानपणींच तेथील रहाट मोडून टाकल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. कोल्हापुरास शिकत असतां मॅट्रिक होण्यापूर्वींच त्यांचें शिक्षण सुटलें. (आमच्या आळशी मित्रांनीं एवढेंच वाक्य लक्षांत ठेवूं नये!)

पुढें ओगल्यांच्या कांचमालाचे व किर्लोस्करांच्या नांगरांचे प्रचारक म्हणून ते खेडोपाडीं हिंडले. नांगर विकत घेणाऱ्या शेतकऱ्याचीं मुलें गुरांमागें जातात, शाळेंत जात नाहींत, हें त्यांनीं त्या भ्रमंतींत डोळ्यांनीं पाहिलें. ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कराडजवळील काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ सालीं तिचें ठाणें साताऱ्यास आलें, आणि तेथें सर्व जातींच्या मुलांचें एकत्र वसतिगृह निघालें. मुलांनींच स्वयंपाक करावा, पाणी भरावें, शेतांत राबावें व एका पंगतींत जेवावें, असा तेथील शिरस्ता होता. २५ फेब्रुवारी १९२७ रोजीं महात्मा गांधींच्या हस्तें त्यास छत्रपति शाहूंचें नांव देण्यांत आलें.

परंतु नांवानें पोट भरत नाहीं. भाऊराव वर्गणीसाठीं गांवोगांव फिरत, आणि मागें मुलांच्या जेवणाचा भार त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांजवर पडे. त्या सोंवळ्याओंवळ्याच्या घरांत वाढलेल्या. प्रारंभीं सर्व जातींचीं मुलें घरांत वावरतात हें त्यांस जड गेलें असल्यास नवल नाहीं. तरी त्याच पुढें त्या मुलांच्या आई झाल्या. एकेक करून दागिने मोडले गेले. एके दिवशीं कोठारांत धान्य उरलें नाहीं व पतिही गांवांत नव्हते. तेव्हां त्या माउलीनें गळ्यांतील मंगळसूत्र विकावयास दिलें, आणि मुलें जेवलीं. त्या काळच्या सुवासिनीस तें काढून देणें म्हणजे काय, हें आमच्या पालकांतील मातांस सांगावयास नको. १९३० सालीं लक्ष्मीबाई निवर्तल्या.

दुःख पोटांत ठेवून भाऊरावांनीं काम वाढविलें. १९३५ सालीं शिक्षक तयार करण्याचें विद्यालय, १९४० सालीं साताऱ्याचें हायस्कूल, १९४७ सालीं छत्रपति शिवाजी कॉलेज. फी देण्यास पैसा नसेल त्यानें श्रम द्यावे, असा त्यांचा खाक्या होता. १९४८ सालीं सरकारची ग्रँट थांबली. पुढें ती पुन्हां सुरू झाली, पण तोंवर शाळा बंद पडूं दिल्या नाहींत. लांब पांढरी दाढी व जाडेंभरडें खादीचें वस्त्र, अशा वेषांत ते अखेरपर्यंत वर्गण्या मागतच राहिले.

१९५९ सालीं पुणें विद्यापीठानें या मॅट्रिक न झालेल्या माणसास डी. लिट्. ही पदवी दिली. त्याच वर्षीं, ९ मे रोजीं, त्यांचें देहावसान झालें. पुढें सोलापुरास संस्थेचें जें महिला महाविद्यालय निघालें, त्यास लक्ष्मीबाईंचें नांव आहे.