कियोशी शिगा : आमांशाच्या जीवाणूचा शोधकर्ता

१८९७च्या जून महिन्यात जपानमध्ये रक्ती आवेची साथ सुरू झाली आणि डिसेंबरपर्यंत ९० हजारांहून अधिक लोक तिच्या तावडीत सापडले. दर पाच रुग्णांमागे एकाहून अधिक दगावत होता. जपानी लोक या रोगाला सेकिरी, म्हणजे लाल जुलाब, म्हणत. त्याचे कारण शोधण्याचे काम टोकियोच्या संसर्गजन्य रोग संस्थेत नुकत्याच रुजू झालेल्या २६ वर्षांच्या डॉक्टरकडे आले. हे डॉक्टर म्हणजे कियोशी शिगा.

त्यांचा जन्म १८७१चा, सेंदाईचा. मूळ आडनाव सातो. आजोळी वाढल्यामुळे ते शिगा झाले. टोकियोतून वैद्यकीय पदवी घेऊन ते शिबासाबुरो कितासातो यांच्या हाताखाली दाखल झाले.

शिगांपुढची अडचण मोठी होती. माणसाच्या आतड्यात असंख्य जीवाणू एरवीही नांदतात. त्यातले इ. कोलाय जर्मन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिक यांनी १८८५मध्ये तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून वेगळे केलेच होते. एवढ्या गर्दीत गुन्हेगार कोण, हे ठरवायचे कसे? विषमज्वराच्या निदानासाठी फ्रान्समध्ये नुकतीच रूढ झालेली युक्ती त्यांनी वापरली. रोग्याच्या सीरममध्ये ज्या जीवाणूच्या गुठळ्या होतील, तोच त्याच्या शरीराशी झुंजलेला. ३६ रुग्णांच्या तपासणीतून असा एक जीवाणू त्यांच्या हाती लागला. कितासातो यांनी शोधनिबंधावर आपले नाव घातले नाही आणि श्रेय एकट्या शिष्याला मिळाले. त्या काळात, आणि आजही, हे दुर्मीळच. मृत जीवाणूंची लस बनवल्यावर शिगांनी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली आणि तिची तीव्र प्रतिक्रिया सोसली.

पुढे ते जर्मनीत पॉल एर्लिख यांच्याकडे गेले. तिथे १९०४मध्ये दोघांनी ट्रिपॅनोसोमा या परजीवींवर ट्रायपॅन रेड या रंगद्रव्याचा परिणाम दाखवला. पुढे कोरियातील विद्यापीठाचे अध्यक्षपद आणि १९४४मध्ये जपानचा संस्कृती-सन्मान त्यांना मिळाला. मात्र उतारवयात पत्नी आणि मुलांचे मृत्यू पाहावे लागले, युद्धातील बॉम्बहल्ल्यात टोकियोतील चीजवस्तू गेली. २५ जानेवारी १९५७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या जीवाणूची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. १९१९मध्ये कॅस्टेलानी आणि चामर्स यांनी एकाच ग्रंथात एशेरिकिया आणि शिगेला अशा दोन प्रजाती मांडल्या. एक सहसा निरुपद्रवी, दुसरी घातक. तेव्हा ही विभागणी रास्तच वाटली. जनुकांची अक्षरे वाचता येऊ लागल्यावर तिला धक्का बसला. जीवाणूंचे नाते ठरवण्यासाठी सर्रास वापरले जाणारे १६एस आरएनएचे जनुक दोघांत जवळजवळ सारखेच निघाले. इतक्या जवळच्या भावंडांना वेगळे करायला एक जनुक पुरत नाही. म्हणून सिडनीतील संशोधकांनी पेशीच्या नित्य कामाची आठ जनुके निवडली, ४६ शिगेला वाणांमध्ये त्यांचे क्रम ताडून पाहिले आणि २०००मध्ये निष्कर्ष मांडला. शिगेला हे निराळे कुळ नसून इ. कोलायच्याच वंशात वेगवेगळ्या वेळी, स्वतंत्रपणे उपजलेले वाण आहेत. आतड्याच्या पेशीत शिरण्याची ताकद देणारे प्लास्मिड त्यांनी मिळवले आणि हालचालीची क्षमता गमावली. बहुतेक वाण तीन गटांत विभागले गेले. खुद्द शिगांनी शोधलेला प्रकार त्यांपैकी कोणत्याच गटात बसला नाही. सातो घरातला मुलगा शिगा झाला होता. शिगांचा जीवाणू मात्र एशेरिक यांच्या घरातला निघाला.

काटेकोर वर्गीकरणाप्रमाणे शिगेला हे नाव पुसायला हवे होते. पण प्रयोगशाळेच्या अहवालात ते दिसताच डॉक्टर सावध होतो. तिथे नुसते इ. कोलाय लिहिले तर घोटाळा व्हायचा. या व्यवहारी कारणासाठी वर्गीकरणतज्ज्ञांनी ते कायम ठेवले आहे.